जेपूटीची संमती

इकालुलिक, ३ नोव्हेंबर

चि. सुनेत्रा,

तुझा संमतीचा फॉर्म आला, जेपूटीला वाचून दाखवला, आणि आता तो मीकाच्या शिवणाच्या डब्यात आहे. पूर्ण नाही, टाचेकडचा भाग तेवढा. हे कसं घडलं ते क्रमाने सांगतो, नाहीतर तुझ्या विद्यापीठाच्या समितीला वाटेल की इकडे कागदांची विटंबना चालते.

विमान सोमवारचं, ते गुरुवारी आलं. गावात याचा दोष मला देतात, कारण धुकं मोजतो मी. सव्वीस वर्षं मी या ध्रुवाकडच्या विमानतळावर दर तासाला वारा, ढग आणि थंडी वहीत उतरवतोय, पण शिकारीला निघालेला एकही माणूस मला विचारत नाही. ते जातात जेपूटीच्या दारात. तो बाहेर येतो, नाक वर करतो, "कुणास ठाऊक" म्हणतो आणि आत जातो. त्या "कुणास ठाऊक"च्या सुरावरून निघायचं की नाही ते ठरतं. माझी यंत्रं सरकारी आहेत, म्हणून लोक त्यांना हसत नाहीत, एवढंच.

तर फॉर्म. त्याची मुलगी लीटिआ शाळेतलं शिकवणं आटपून लवकर आली आणि तिने तो त्यांच्या बोलीत करून वाचायला घेतला. पहिली दोन पानं जेपूटीने चहाबरोबर ऐकली. रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, कोण ऐकणार, नाव छापायचं की नाही, सगळ्याला मान हलवली. तिसऱ्या पानावर तू लिहिलं आहेस: "मी समुद्रावरील बर्फाचा जाणकार असून माझ्याजवळचं ज्ञान स्वेच्छेने देत आहे." लीटिआ तिथे अडखळली. मग हसायलाच लागली.

जेपूटीने विचारलं, हे कोण म्हणतंय. ती म्हणाली, तुम्हीच. मी कधी म्हटलं? ती म्हणाली, सही केलीत की म्हटल्यासारखं होईल. त्याने खिडकीतून बाहेर बराच वेळ पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "समुद्र इथून शंभर पावलांवर आहे. ऐकू जातं त्याला."

मग त्याने एका माणसाची गोष्ट सांगितली, ज्याने एकदा भर घोळक्यात म्हटलं होतं की मला या खाडीतला बर्फ पाठ आहे. त्याची स्लेज अजून खाली आहे. कुत्रे वर आले.

सही होणार नाही हे ठरल्यावर त्याच्या बायकोने, मीकाने, कागद हातात घेऊन बोटांनी चाचपला. जाड आहे, म्हणाली. ती नातवासाठी सीलच्या कातड्याचे बूट बेतत होती आणि तिला तळव्याचा नमुना कापायला कागद हवा होता. मी म्हटलं, अहो, हा विद्यापीठाचा कागद आहे. ती म्हणाली, त्याने सही केली असती तर विद्यापीठाचा, आता नुसता कागद. चार वर्षं पाठशाळेत न्यायशास्त्र घोकूनही मला या युक्तिवादात दोष काढता आला नाही.

तो रागावलेला नाही. त्याचा निरोप जसाच्या तसा देतो: "पोरीला सांग, जे पाहिलं ते पाहिलं म्हणून सांगितलं. जे ऐकलं ते ऐकलं म्हणून सांगितलं. आणखी काय लिहून पाहिजे तिला?" प्रत्यक्ष आणि शब्द या दोन प्रमाणांतला फरक माझ्या गळी उतरवायला गुरुजींना एक पावसाळा लागला होता. इथे दोन कपांत झालं.

ते वाक्य काढून नवा फॉर्म पाठव. "जाणकार"च्या जागी "म्हातारा" घातलास तर तो बिनतक्रार सही करेल.

तुझा
त्र्यंबकमामा


२१ नोव्हेंबर

ती. मामा,

तुझं पत्र वाचून मी खूप हसले. मग समितीच्या अध्यक्षबाईंना त्यातली बुटाची हकीकत सांगितली, तेव्हाही हसले, पण एकटीच.

खरं सांगू का, लाजच वाटली. ते वाक्य समितीचं नाही, माझं आहे. मला वाटलं, छापील नमुन्यात "सहभागी व्यक्ती" असं कोरडं लिहिलंय, त्यापेक्षा यांना मान देऊ या. चार वसंत त्या माणसाच्या स्लेजवर मागे बसून काढले, आणि त्याला कशाने अवघडल्यासारखं होईल हे मला कळू नये. "मानव आणि परिसर" हा विषय मी मुलांना शिकवते, मामा. पगार घेऊन.

पहिला महिना आठवतो का तुला? मी रोज संध्याकाळी तुझ्याकडे येऊन रडायची की हे काहीच सांगत नाहीत. मी प्रश्न विचारायची, ते चहा ओतायचे. हा बर्फ पक्का कसा ओळखता? चहा. ही भेग कधी पडली? चहा. शेवटी एक दिवस म्हणाले, प्रश्न लहान मुलं विचारतात, मोठी माणसं बघतात. दुसऱ्या दिवसापासून मी वही खिशात ठेवली आणि ते कुठे थांबतात, भाला कुठे दोनदा ठोकतात, कुठे उगाच वळसा घेतात, तेवढं पाहत राहिले. नवव्या दिवशी बर्फाच्या कडेपाशी त्यांनी स्लेज थांबवली, पालथा डबा टाकून मला बसवलं आणि आपणहून बोलायला लागले. त्या दिवसाचं रेकॉर्डिंग तीन तासांचं आहे. अशी एक्केचाळीस आहेत. मला जे काही येतं ते त्यांत आहे. माझ्या डोक्यात नुसते त्याचे संदर्भ आहेत.

ती सगळी गावाला परत द्यायची आहेत. लीटिआच्या शाळेतल्या पोरांनी नकाशावर बोट ठेवावं आणि तिथला बर्फ जेपूटींच्या तोंडून ऐकावा, असं काहीतरी. पण सही नसेल तर समिती मला त्यांतलं एक मिनिटही वापरू देणार नाही.

नवा फॉर्म जानेवारीत मंजूर होईल. ते वाक्य काढून त्यांचाच निरोप तिथे घालते आहे: पाहिलं ते पाहिलं, ऐकलं ते ऐकलं. घाई करू नकोस, त्यांना सवड असेल तेव्हा वाचून दाखव.

तुझी
सुनेत्रा


इकालुलिक, २० जानेवारी

चि. सुनेत्रा,

काल दोन महिन्यांनी सूर्य दिसला. बारा मिनिटं. या दोन महिन्यांत माझ्या त्रिकाळ संध्येचा प्रश्न दरवर्षीप्रमाणे आपोआप मिटला होता, तिन्ही काळ एकच असल्यामुळे. पोरांनी पाट्या वाजवत गावभर पळून घेतलं.

जेपूटी नऊ तारखेला गेला. दुपारी उकडलेलं सीलचं मांस खाल्लं, शेजारच्या मोझेसीच्या नव्या स्नोमोबिलची चेष्टा केली, आडवा झाला. मीकाने चहासाठी हाक मारली तेव्हा तो उठला नाही. चहाला न उठणं हे त्याच्या बाबतीत पुरेसं होतं, तिला जवळ जाऊन पाहावं लागलं नाही.

इथे हिवाळ्यात जमीन खणता येत नाही म्हणून शरदातच तीन खड्डे खणून ठेवतात, हे तुला ठाऊक आहे. त्यांतला पहिला त्याला मिळाला. ऑक्टोबरात खणताना तोच देखरेख करत होता आणि पहिला आखूड झालाय म्हणून कुरकुर करत होता. आखूड झाला नाही. बरोबर बसला. पाद्रीबुवांचं विमान वाऱ्यामुळे उतरू शकलं नाही, तेव्हा लीटिआने प्रार्थना म्हटली.

तुला फोन करायला हवा होता. दोनदा नंबर फिरवला आणि ठेवून दिला. पत्रात माणूस आणखी दहा दिवस टिकतो.

तुझा नवा फॉर्म तेरा तारखेच्या विमानाने आला. मी पाकीट उघडलेलं नाही.

नऊ तारखेला दुपारी दोनच्या नोंदीत वाऱ्याचा रकाना कोरा राहिला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. वरच्या कचेरीने खुलासा मागवला आहे. काय लिहावं ते सुचत नाही.

त्र्यंबकमामा


२ फेब्रुवारी

ती. मामा,

पत्र उघडलं तेव्हा मी विभागाच्या जिन्यात होते. तिथेच बसले. विद्यार्थी बाजूने वर-खाली जात होते, कुणीतरी पाणी आणून दिलं.

मला त्यांच्यासाठी काय करता येईल याचा विचार करतेय आणि हाताला लागतंय ते सगळं त्यांनी माझ्यासाठी केलेलंच. दुसऱ्या वर्षी माझा पाय पातळ बर्फातून गुडघ्यापर्यंत गेला होता, तुला मी तेव्हा सांगितलं नव्हतं. ते रागावले नाहीत. मोजा बदलायला लावला, स्टोव्ह पेटवला, आणि पाय जायच्या आधी बर्फाचा रंग कसा दिसत होता तेवढं विचारलं. मी करडा म्हटलं. म्हणाले, आता तुला माहीत आहे. बास.

आता लिहायला नको वाटतं ते लिहिते. समितीचं पत्र आलं आहे. सही करण्याआधी सहभागी व्यक्ती वारली, त्यामुळे रेकॉर्डिंग ठेवण्याचा मला अधिकार नाही. ३१ ऑगस्टपर्यंत पत्नीची लेखी संमती आली तर ठीक, नाहीतर एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पुसायची, आणि पुसल्याचा दाखला द्यायचा. नियम चांगल्यासाठीच केलाय, मामा. आमच्यासारख्यांनी पूर्वी न विचारता बरंच काही उचलून नेलंय. म्हणून भांडताही येत नाही.

मीकाला एवढ्यात विचारू नकोस. पण कधीतरी, तुला योग्य वाटेल तेव्हा, विचारशील का?

मी बरी आहे. जरा दमते, आणि सकाळी चहा नकोसा होतो, एवढंच.

सुनेत्रा


इकालुलिक, २२ फेब्रुवारी

चि. सुनेत्रा,

महिना उलटल्यावर गेलो. पाकीट बरोबर नेलं होतं, पण उघडलं नाही. मीका कातडं घासत बसली होती. मी तुझं म्हणणं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ते माझं नाही, त्याचं आहे.

मी म्हटलं, तो तर गेला.

म्हणाली, "हो. पण यायचाय अजून. त्याच्या माघारी त्याची पेटी उघडली तर आल्यावर बोलेल मला."

इथली रीत तू माझ्यापेक्षा पुस्तकी पद्धतीने जाणतेस, तरी मनाची समजूत म्हणून लिहितो. गेलेल्याचं नाव बाळाला दिलं की तो माणूस आला. नुसती आठवण म्हणून नव्हे, तोच. म्हणून मोझेसीची सात वर्षांची नात मोझेसीला "पोरा" म्हणते, कारण ती त्याची आई आहे, आणि तो मुकाट्याने तिचा पट्टा बांधून देतो. गावात सध्या दोन बायकांना दिवस गेलेत. त्यांतली दुकानावरची अ‍ॅनी तर उघडच विचारायला आली होती की जेपूटीचं नाव मला द्याल का. मीकाने तिला मासा दिला आणि सांगितलं, तो तुझ्याकडे अजून आलेला नाही. अ‍ॅनी मासा घेऊन गेली.

माझ्या अल्पमतीप्रमाणे हा नकार आहे. इथे कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. फॉर्ममधल्या त्या "जाणकार" शब्दाने तिच्या मनात अढी बसली असावी, आणि हा "यायचाय अजून"चा मार्ग तिने सभ्यपणे काढला असावा. तेव्हा तू मनाची तयारी ठेव. एक्केचाळीस रेकॉर्डिंगं गेली तरी चार वसंत कुणी पुसू शकत नाही, असं लिहिणार होतो. पण ते मला स्वतःलाच पटलं नाही.

चहा नकोसा होणं हे आपल्या घराण्यात यापूर्वी घडलेलं नाही. डॉक्टरला दाखव.

त्र्यंबकमामा


९ मार्च

ती. मामा,

मीकाला त्रास देऊ नकोस. तिचं बरोबर आहे. पेटी त्यांची आहे, आणि ती माझ्या कपाटात चुकून राहिली आहे एवढंच.

तिला एक गंमत मात्र सांग. तुझ्या नवऱ्याने माझं स्वयंपाकघर घाण केलं म्हणावं. गेल्या आठवड्यात स्वप्नात आले होते. बूट घालूनच आत आले, खुर्च्या सोडून जमिनीवर बसले. मी चहा ठेवला तर म्हणाले, चहा नको, पाणी दे. एकामागून एक तीन पेले प्यायले. "इथे फार उकडतं" म्हणून कुरकुर केली आणि विचारलं, मी निजू कुठे? मी अंथरूण शोधत होते तेवढ्यात जाग आली. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला, त्यामुळे दिवसभर बरं वाटत होतं.

दुसरा कागद फक्त तुझ्यासाठी आहे.

सु.

(दुसरा कागद)

मामा, डॉक्टरला दाखवलं आहे. चौथा महिना चालू आहे. यापूर्वी दोनदा असंच झालं आणि दोनदा राहिलं नाही, म्हणून मार्टिनशिवाय कुणालाच सांगितलेलं नाही, आईलासुद्धा नाही. तूही सांगू नकोस. तारीख ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातली आहे. मी चाळिशीला आले आहे आणि जिना चढतानाही मोजून पाय टाकते.


इकालुलिक, ३० मार्च

चि. सुनेत्रा,

आधी क्षमा मागतो. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. तरी सगळ्या गावाला ठाऊक आहे.

दुसरा कागद मी खिशात, चष्म्याच्या घरात घडी करून ठेवला होता. पहिला घेऊन मीकाकडे गेलो आणि तुझं स्वप्न गंमत म्हणून सांगितलं. बूट घालून आला, हे ऐकून ती हसली. जमिनीवर बसला, हसली. पाणी मागितलं म्हटल्यावर तिच्या हातातली सुई थांबली.

"चहा नको म्हणाला?"

मी म्हटलं, हो, नको म्हणाला.

"किती महिने झालेत तिला?"

मी म्हटलं, कुणाला, कसले महिने. सुनेत्रा, मी चांगला खोटं बोललो, निदान माझी तशी समजूत आहे. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने विमानाचे वैमानिक मी ढगांची उंची सांगितल्यावर खिडकीबाहेर पाहतात. मग आपणच बोटं मोजली आणि म्हणाली, चार.

त्याने जन्मात कधी चहा नाकारला नव्हता. गेलेला माणूस स्वप्नात येऊन पाणी मागतो आणि निजायला जागा विचारतो, ते एकाच कामासाठी. हे गावातल्या लहान पोरालाही कळतं. तुला आणि मला तेवढं कळलं नाही. आपल्या दोघांच्या मिळून किती पदव्या होतात ते मोजू नकोस. आणि गेल्या पत्रात मी जो नकार-नकार म्हणून पांडित्य पाजळलं, ते सगळं मागे घेतो. नकार नव्हता. ती खरोखरच वाट पाहत होती.

मीकाने सुई खाली ठेवली. मग डोळे पुसले आणि त्याला शिव्या द्यायला लागली. लबाड म्हणाली, इथे दोन पोरी तयार आहेत, त्यांच्याकडे फिरकला नाही, आणि जाऊन बसलाय कुठे तर उन्हात.

तिचा निरोप नीट ऐक. ती विचारते आहे, तू त्याला ठेवून घेशील का? नाव द्यायचं ते तिच्याकडून, पण आई तू आहेस, तेव्हा तू हो म्हणायला हवंस.

हो म्हणण्याआधी नाती समजून घे. तू जेपूटीची आई होणार, म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मीकाची सासू. बावन्न वर्षांची लीटिआ तुझी नात. आणि मी तुझा मामा, म्हणजे ज्याने मला बर्फावर चालायला शिकवलं त्या माणसाचा आजोबा. माझी बढती इतक्या झपाट्याने कधी झाली नव्हती.

सहीबद्दल विचारलं. म्हणाली, तो आल्यावर. म्हणजे तुझी तारीख आणि समितीची मुदत एकाच आठवड्यात पडते.

त्र्यंबकमामा


१५ एप्रिल

ती. मामा,

रागावले नाही. तुझं पत्र मार्टिनला वाचून दाखवलं, तेव्हा त्याने मला पाणी दिलं, मग आम्ही दोघंही त्या पेल्याकडे बघत बसलो.

माझं उत्तर हो आहे. अर्थात हो आहे. जे इतकी वर्षं मला बरोबर घेऊन हिंडले, ते माझ्याकडे राहायला येतो म्हणतात, यापेक्षा मोठं देणं मला कुणी दिलेलं नाही. मी पंधरा वर्षं ज्ञान, समाज, परिसर असं लिहीत आले. मी त्यांची नातलग होईन असं मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं.

पण भीती वाटते. दोनदा राहिलं नाही, मामा. पूर्वी गेलं ते माझं गेलं. या खेपेला तसंच झालं तर मीकाचा नवरा माझ्या हातून दुसऱ्यांदा जाईल. तिला हे सांग. दोनदा झालंय ते लपवू नकोस. तिने नाव दुसरीकडे द्यायचं ठरवलं तर मी समजेन.

सु.


इकालुलिक, ६ मे

चि. सुनेत्रा,

सांगितलं. मीकाने ऐकलं आणि म्हणाली, "तिला म्हणावं, तो तिच्या हातात नाही, पोटात आहे. तिथे नाही जमलं तर दुसरीकडे येईल, त्याला वाट सापडते. तिने फक्त भिऊन दार लावून घेऊ नये."

सोबत वाळवलेल्या माशाचं पुडकं आहे. मार्टिनला वास सोसवला नाही तर त्याला बाहेर झोपायला सांगावं, असा सूनबाईंचा निरोप आहे. सासूला उपास घडू नये, म्हणते. मासा तिने स्वतः चिरला आणि वाळत घातलेल्या दोरीखाली दोन दिवस बसून कावळे हाकलले.

सहीचा विषय मी पुन्हा एकदा काढून पाहिला. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. ती म्हणाली, तो यायच्या आधी त्याच्या घरातलं मी कसं देऊ? मी म्हटलं, मुदत आहे. ती म्हणाली, असू दे. तेव्हा मी विषय सोडून दिला, आणि तूही सोडावास. मासा खा.

अ‍ॅनीला मुलगा झाला. तिच्या आजोबांचं नाव ठेवलं. ती मीकाकडे येऊन त्या माशाच्या बदल्यात मासा देऊन गेली. म्हणजे रुसवा गेला.

त्र्यंबकमामा


इकालुलिक, २५ ऑगस्ट

चि. सुनेत्रा,

परवा पहाटे तुझा फोन आला तेव्हा मी सहाची नोंद घेत होतो. तू काय बोललीस ते मला नीटसं कळलं नाही, कारण तू रडत होतीस, मार्टिन रडत होता आणि जेपूटी सर्वांत मोठ्याने. वजन तेवढं कळलं. मी ते चुकून ढगांच्या उंचीच्या रकान्यात लिहिलं आहे. या खेपेला खुलासा मागितला तर द्यायला कारण आहे.

मीकाकडे गेलो. पायरीवरूनच सांगितलं की आला, आणि मुलगी आहे. ती म्हणाली, बरं. नावाला मुलगा-मुलगी असं काही नसतं हे तूही जाणतेस. तिने हात धुतले, केस विंचरले, ठेवणीतला अंगरखा घातला आणि म्हणाली, आण तो कागद.

जानेवारीपासून न उघडलेलं पाकीट मी तिथे उघडलं. लीटिआने पानन् पान वाचून दाखवलं. "जे पाहिलं ते पाहिलं, जे ऐकलं ते ऐकलं" इथे मीका म्हणाली, हे तो बोलला होता, मी तिथेच होते. मग एक अट घालायला लावली. ती तुला लीटिआने फोनवर सांगितलीच, आणि तू क्षणाचाही विचार न करता हो म्हणालीस. ती अट समासात लिहून मग मीकाने सही केली. त्यांच्या लिपीतली चार अक्षरं लिहायला तिला पाच मिनिटं लागली. 

धुक्यामुळे विमान अर्थातच नव्हतं. कचेरीतल्या यंत्रातून कागद तुमच्या समितीकडे धाडला. मूळ प्रत या पत्राबरोबर आहे. सहा दिवस हाताशी असताना काम झालं, ही या गावातली पहिली वेळ असावी.

काल संध्याकाळी मी तुला पत्र लिहितोय असं ऐकून मीका माझ्याकडे आली आणि म्हणाली, मलाही एक लिहायचं आहे, पण सासूला नाही. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. माझं त्यात काही नाही. वाचून दाखव त्याला.

बाळ-बाळंतिणीला अनेक आशीर्वाद. आजोबा-पदाचा अनुभव नाही, चुकलं तर सांभाळून घे.

त्र्यंबकमामा


इकालुलिक, २४ ऑगस्ट

माझ्या नवऱ्यास,

तू पोचलास असं कळलं. फार लांबून गेलास. उकडतं म्हणून रडतोस म्हणे, तर आता रड. मला विचारून गेला असतास तर सांगितलं असतं.

मुलगी होऊन आलास. चालेल. या खेपेला शिवायला शीक. मागच्या खेपेला पन्नास वर्षं मी तुझे हातमोजे शिवले आणि तू ते बर्फावर विसरून आलास.

तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. तिला सांग, सून म्हातारी आहे, पण कामाची आहे. पहिल्या बुटांचं माप पाठव म्हणावं. पाय भरभर वाढतात, दर महिन्याला पाठव.

तू गेल्यावर घरात चहा उरायला लागला. मी दोघांचा ठेवते आणि एकाचा पिते. लीटिआ म्हणते, अर्धाच ठेव. मला अर्धा ठेवता येत नाही.

कागदाचं सांगते. तुझं बोलणं तुझ्या आईने पेटीत भरून ठेवलंय. ते पुसून टाकणार होते, म्हणून मी कागदावर माझं नाव लिहिलं. तुला विचारायचं होतं, पण तू झोपला होतास म्हणे. लीटिआने मला त्यातलं एक फोनवरून ऐकवलं. तू हसलास तिथे मी थांबवायला सांगितलं. मग पुन्हा लावायला सांगितलं. त्यात तू म्हणतोस की उन्हाळी मुक्कामाजवळच्या भेगेत मी पडले होते. पडला होतास तू. मी ओढून काढलं. बाकीचं बर्फाचं बरोबर आहे.

शाळेतली पोरं ते ऐकतील. पण पेटी तुझीच आहे. मी तसं कागदाच्या कडेला लिहून घेतलंय आणि तुझ्या आईने कबूल केलंय. तू मोठा झालास की सगळं ऐकायचं, आणि नको म्हणालास तर ती त्याच दिवशी पुसेल. समिती का कोण आहे, तिला विचारणार नाही.

घाई करू नकोस. आधी उभा राहा. मग चाल. मग बोलायला शीक, मग सांग मी बरोबर केलं का. तोवर मी थांबते.

तुझी बायको
मीका